अठ्ठावीस दिवस

सेमिनरीतील वर्षांत आम्हांस पुष्कळ काही शिकविण्यात आले. तत्त्वज्ञान झाले, ईशज्ञान झाले, लॅटिनचे चार धडे कसेबसे गळ्याखाली उतरले, आणि 1983 च्या ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेचाही अभ्यास झाला. त्या संहितेचा पाचवा ग्रंथ ऐहिक मालमत्तेविषयी आहे. त्यातील 1284 वे कलम सांगते की, ज्याच्या हाती ख्रिस्तसभेची मालमत्ता सोपविली आहे त्याने ती चांगल्या गृहस्थाच्या दक्षतेने सांभाळावी. परीक्षेत हे कलम आम्ही बरोबर लिहिले होते. चांगल्या गृहस्थाला घर बांधताना रात्री झोप का लागत नाही, हे मात्र पडेगावला आल्यावर कळले.

छावणी ओलांडून दौलताबादकडे निघाले की पडेगाव लागते. शहर कधीचेच तेथवर आले आहे. जेथे ज्वारी-बाजरीची शेते होती तेथे आता कॉलन्या आहेत. आमच्या धर्मग्रामातील बहुतेक कुटुंबे गंगापूर-वैजापूरकडून आलेली, वाळूजच्या कारखान्यांत पाळ्या करणारी. त्यांना बारशाला, लग्नाला, दुःखाच्या जेवणाला एक छप्पर हवे होते. म्हणून सभागृह बांधावयाचे ठरले. कुणी महिन्याला शंभर दिले, कुणी दिवाळीचा बोनस दिला. तीस वर्षे बांधकामावर बिगारी म्हणून घमेली वाहिलेल्या एका आजींनी पदराच्या गाठीतून पाचशे रुपये काढून दिले आणि पावती नको म्हणाल्या. आम्ही पावती दिलीच.

सहा खणांचे सभागृह. भिंती, कॉलम, बीम उभे राहिले आणि स्लॅबचा दिवस ठरला, 2022 च्या मे महिन्याची 14 तारीख, शनिवार. उद्घाटन 3 जुलैला, संत थॉमसच्या सणाला. बिशपस्वामींची तारीख मिळाली होती, पत्रिका छापावयास गेल्या होत्या. शहराचे नाव तेव्हा अजून औरंगाबाद होते आणि नळाला पाणी आठवड्याने येत होते.

आमच्या बांधकामावर देखरेखीस एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. आमच्याच धर्मग्रामातली, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. ठेकेदार वयाने व अनुभवाने तिच्या दुप्पट. पहाटे सहाला मिक्सर सुरू झाला तेव्हा तिने पहिल्या काही घाण्यांनंतर एक पत्र्याचा शंकू आणून ठेवला. वर चार इंच तोंड, खाली आठ इंच, उंची एक फूट. त्यात थराथराने माल भरून प्रत्येक थर लोखंडी कांबीने पंचवीस वेळा ठासला आणि शंकू अलगद वर उचलला. माल जरासा खाली बसला. तो किती बसला हे तिने पट्टीने मोजले आणि वहीत लिहिले. माल फार बसला तर पाणी जास्त झाले, मुळीच बसला नाही तर तो सळयांच्या जाळीत शिरणार नाही. “ही फादर, नाडी पाहणं झालं,” ती म्हणाली. “खरी तपासणी ठोकळ्यांची.”

ठोकळे म्हणजे क्यूब. सहा इंचांचा, अचूक सांगावयाचे तर 150 मिलिमीटरचा, बिडाचा साचा. ज्या घाण्यातून स्लॅबला माल जातो त्याच घाण्यातून तो भरावयाचा, तीन थरांत, प्रत्येक थराला निदान पस्तीस ठासण्या. दुसऱ्या दिवशी साचा सोडवून ठोकळा पाण्याच्या टाकीत बुडवावयाचा. त्यातील काही सातव्या दिवशी दाबयंत्राखाली फोडतात, बाकीचे अठ्ठाविसाव्या. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांच्या वयाची धरतात. पुढेही ती हळूहळू वाढते, परंतु हिशेब त्या दिवसाचा. आमच्या नकाशावर ‘एम 20’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ असा की, अठ्ठावीस दिवसांच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसला पाहिजे. एका बाजूचे क्षेत्रफळ 22,500 चौरस मिलिमीटर. गुणाकार केला की साडेचारशे किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 46 टन. भरलेले चार-पाच ट्रक सहा इंचांच्या ठोकळ्यावर उभे करावेत, असा तो प्रकार. इमारतीच्या लोखंडी काँक्रीटसाठी भारतीय मानक 456 ने 2000 सालापासून यापेक्षा हलका माल चालत नाही असे ठरविले आहे.

आमच्या स्लॅबला तीसएक घनमीटर माल लागणार होता. एवढ्याला तीन नमुने पुरतात. तिने सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रत्येकी सहा ठोकळे भरावयाचे ठरविले, आणि प्रत्येकावर ऑइलपेंटने तारीख व वेळ घातली.

दुपारपर्यंत सारे यथास्थित चालले. महिला मंडळाने ताक दिले. गाणीही झाली. मग ऊन चढले. मराठवाड्यातील मे महिन्याचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगणे नको. पत्र्यावर टाकलेला माल घमेल्यात भरेपर्यंत घट्ट होऊ लागला. साडेतीनच्या सुमारास व्हायब्रेटरची सुई जळाली आणि ती मुलगी दुसरी आणावयास शहरात गेली. दोन खण बाकी होते. सहा वाजता पवित्र मिस्सा होती. मजूर बाया उभ्या राहून राहून भेंडाळल्या होत्या.

मुकादम आमच्याजवळ आला. “फादर, माल लई घट झालाय, हालंना. जरा पानी टाकू का?”

वाचकहो, गोणीमागे मोजून 26 लिटर पाणी टाकावयाचे, त्यापुढे थेंब नाही, हे त्या मुलीने आमच्यासमक्ष मुकादमास बजावले होते. आम्ही घड्याळ पाहिले. आम्ही म्हणालो, “टाका थोडे.”

‘थोडे’ हे काही माप नव्हे. पहिल्या घाण्याला अर्धी बादली पडली, पुढे कुणी मोजले नाही. माल खिरीसारखा वाहू लागला, काम झपाट्याने उरकले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हांस फार बरे वाटले. ती परत आली तेव्हा शेवटच्या खणाचे काम चालू होते. तिने मिक्सरच्या तोंडाशी वाकून पाहिले, मुकादमाकडे पाहिले. मुकादमाने आमच्याकडे पाहिले. आम्ही मिस्सेची तयारी करावयास निघून गेलो. तिने काही न बोलता संध्याकाळचे सहा ठोकळे भरले.

पाण्याने नेमके काय होते हे आम्ही नंतर तिच्याकडूनच समजून घेतले. सिमेंट वाळते म्हणून कडक होते ही आपली समजूत चुकीची आहे. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक गाठ पडून त्याचा दगड बनतो. त्या गाठीस पाणी लागते ते सिमेंटच्या वजनाच्या जेमतेम पाव भाग. त्याहून जे अधिक टाकतो ते माल हलता-फिरता राहावा म्हणून. ते पुढे उडून जाते आणि जाताना मागे पोकळ्या ठेवते. ताकद कमी होते ती त्या पोकळ्यांमुळे. सिमेंट व पाणी यांच्या प्रमाणावर ताकद ठरते, हा नियम अमेरिकेत डफ अब्राम्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 च्या सुमारास मांडला. पन्नास किलोच्या गोणीला 26 लिटर म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक. त्यात आणखी दहा लिटर पडले की प्रमाण पाऊण भागाकडे सरकते आणि ताकदीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक निघून जातो. गंमत अशी की, जे पाणी मिक्सरमध्ये घात करते तेच दुसऱ्या दिवसापासून स्लॅबवर हवे असते. सिमेंट बदलत असताना ते तहानलेले राहता कामा नये. उन्हाळ्यात दहा ते चौदा दिवस आळी करून पाणी साठवावे लागते. आम्ही त्यासाठी टँकर आणला. शनिवारी जे मोफत ओतले ते सोमवारपासून विकत घेतले.

सातव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद आला. सकाळ-दुपारचे ठोकळे उत्तम. संध्याकाळचे त्यांच्या निम्म्यावर. तिने कागद आमच्या टेबलावर ठेवला आणि विचारले, “फादर, संध्याकाळी पाणी किती पडलं होतं?”

आम्ही म्हणालो, “ऊन फार होते त्या दिवशी.”

ऊन होतेच, त्यात खोटे काही नव्हते. आम्ही पापनिवेदन ऐकावयास बसतो तेव्हा अशी उत्तरे पुष्कळ ऐकतो आणि ती ओळखावयास आम्हांस वेळ लागत नाही.

दोन दिवसांनी ठेकेदार आला. भला माणूस; त्याच्याविषयी आमच्या मनात आजही कटुता नाही. म्हणाला, सात दिवसांच्या ठोकळ्यावर कुणी जात नाही, अठ्ठावीसचे पाहू. आणि ते तर अजून टाकीतच आहेत. सकाळच्या मालाचे दोन-तीन जादा ठोकळे त्याने स्वतःसाठी भरून ठेवले होते. त्यावरचा रंग खरडून संध्याकाळची वेळ घातली की काम झाले. “सगळीकडं असंच चालतं, फादर. क्यूब पाहिजे तसा भरून मिळतो.”

तेव्हा आम्हांस कळले की, ही सारी तपासणी एका माणसाच्या प्रामाणिकपणावर उभी आहे. यंत्र ठोकळा फोडते. तो ठोकळा कोणत्या घाण्यातला हे यंत्राला ठाऊक नसते. आम्ही त्याला ‘हो’ म्हणालो नाही. ‘नाही’ही म्हणालो नाही. पाहू, म्हणालो. पत्रिका छापून आल्या होत्या.

त्या तीन आठवड्यांत आम्हांस किल्लारी फार आठवली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतरच्या रात्री, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची गावे जमीनदोस्त झाली. जवळपास दहा हजार माणसे गेली. आम्ही तेव्हा विशीतले सेमिनरीचे विद्यार्थी, मदतीसाठी गेलेल्या तुकडीत होतो. त्या भागातील घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, काळ्या दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर लाकडी सरांवर मातीचे माळवद, दरवर्षी थर चढवून चढवून जड झालेले. थंडी-उन्हात ते घर आईसारखे. परंतु भिंत हलली की दगड दगडाला धरून ठेवीत नव्हता आणि वरची सारी माती झोपलेल्यांवर आली. ढिगारा उपसताना एक शेतकरी आमच्याकडे पाहून म्हणाला होता, “आता दगडाचं नको. सलॅबचं घर पाहिजे.” पुढे साऱ्या मराठवाड्याने तेच म्हटले. स्लॅब हे सुरक्षिततेचे दुसरे नाव झाले, मुलीचे स्थळ पाहतानाही स्लॅबचे घर आहे का हे विचारू लागले. 26 जानेवारी 2001 रोजी कच्छच्या भूकंपात दूरच्या अहमदाबादेतही काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. आपल्याकडे तर भूकंपाचीही गरज पडत नाही. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ अर्धवट बांधलेली इमारत कोसळून 74 जण गेले. 24 ऑगस्ट 2020 ला महाडला पाच मजली इमारत पडली, 16 जण गेले. त्यांपैकी प्रत्येक ठिकाणी कुणीतरी कधीतरी ‘चालते’ म्हटलेच असेल, असे आम्हांस रात्री वाटावयाचे.

इकडे युवक मंडळाची घाई चालली होती. खालचे टेकू काढले तर रंगरंगोटी सुरू करता येईल. मुलीने त्यांना बसवून अमेरिकेतील एक हकीकत सांगितली. वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड येथे वीजकेंद्राचा प्रचंड मनोरा बांधला जात होता. एक थर ओतावयाचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच थराला पालख बांधून पुढचा ओतावयाचा, अशी पद्धत. 27 एप्रिल 1978 रोजी, आदल्या दिवशी ओतलेला थर थंडीमुळे पुरेसा कडक झालेला नसताना त्यावर भार आला. थर सुटला, पालख सुटली आणि 51 कामगार मेले. त्या काँक्रीटमध्ये खोट नव्हती, फक्त त्याचे वय भरले नव्हते. मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू चौदा दिवस आणि लांब बीमखालचे एकवीस दिवस हलवू नयेत, असे मानक सांगते. “आपले तर मी सांगेपर्यंत हलवायचे नाहीत,” ती म्हणाली. मुले गप्प झाली. आमच्यासमोर ती हे बोलत होती आणि आमच्याकडे पाहत नव्हती.

11 जून उजाडला. आदल्या रात्री आम्ही ठेकेदाराला फोन करून सांगितले की, ठोकळे आम्ही स्वतः नेणार. टाकीतून काढून ओल्या गोणपाटात गुंडाळले. एकेक आठ-साडेआठ किलोचा. धर्मगुरू जीपमधून सिमेंटचे ठोकळे नेतो आहे हे पाहून छावणीच्या नाक्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी हात जोडले.

शहरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाबयंत्र होते. दोन पोलादी तबकड्या, मध्ये ठोकळा आडवा ठेवलेला, म्हणजे भरतानाचे वरचे तोंड बाजूला येईल असा. दाब सावकाश वाढवीत नेतात. सकाळचे ठोकळे सहाशेच्या पुढे जाऊन दबक्या आवाजात तडकले. कडेचे तुकडे गळून गेले आणि मधला भाग डमरूसारखा उरला. चांगला ठोकळा असाच फुटतो, असे तेथील वृद्ध साहाय्यक म्हणाले. काही ठिकाणी काळी खडीसुद्धा चिरलेली दिसत होती. आमचा दख्खनचा बसाल्ट, ज्यातून वेरूळचे कैलास कोरले तोच दगड, तो चिरावयाचा म्हणजे भोवतालचा माल त्याच्या तोडीचा असला पाहिजे.

मग संध्याकाळचे तीन. 310, 318, 331. भागाकार केला: 13.8, 14.1, 14.7, सरासरी 14.2. आवाजही फारसा झाला नाही. फुटलेल्या ठोकळ्यातून खडी जशीच्या तशी, स्वच्छ, निसटून हातात आली. साहाय्यकांनी चिमटीत माल चुरडला आणि विचारले, “पाणी कुणी घातलं?”

“आम्ही,” आम्ही म्हणालो. अठ्ठावीस दिवसांत प्रथमच. ती मुलगी शेजारी उभी होती. तिने वहीत आकडे लिहिले.

परत येताना जीपमध्ये ती इतकेच बोलली, “संत थॉमसचा सण आहे ना फादर उद्घाटनाला? मग बोट घालून बघितल्याशिवाय कसं चालेल?” बोट घालणे म्हणजे पुढची तपासणी. ठोकळा नापास झाला म्हणून स्लॅब नापास होतोच असे नाही. प्रत्यक्ष स्लॅबला विचारावे लागते. प्रथम हॅमर टेस्ट झाली. अर्न्स्ट श्मिट या स्वित्झर्लंडच्या इंजिनिअराने 1948 मध्ये हे साधन तयार केले. स्प्रिंगच्या जोराने एक दांडा काँक्रीटवर आपटतो आणि किती उसळी घेतो ते मोजतात. पृष्ठभाग जितका कठीण तितकी उसळी अधिक. याचा अंदाज पंचवीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणून त्यावर निकाल देत नाहीत, संशयाची जागा मात्र त्याने हेरता येते. पहिल्या चार खणांत आकडे चढे, पाचव्या-सहाव्यात उतरते. एखाद्याने खडूने रेघ मारावी तशी ती सीमा स्पष्ट दिसली. साडेतीन वाजले होते तेथून.

मग त्या दोन खणांतून हिऱ्याच्या दातांच्या ड्रिलने तीन गोल गाभे काढण्यात आले. गाभ्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही गाभा 75 च्या खाली नको, असा दंडक आहे. आमची सरासरी 68 भरली.

रविवारी, 26 जूनला, मिस्सेनंतर कडुनिंबाखाली सभा बोलाविली. बांधकाम समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांचे म्हणणे असे की, बीबीचा मकबरा सतराव्या शतकातला, दौलताबादचा किल्ला त्याहून जुना. कुठे ठोकळे फोडले होते? रोममध्ये तर पँथिऑनचा काँक्रीटचा घुमट जवळजवळ एकोणीसशे वर्षे उभा आहे, 609 सालापासून त्यात चर्च आहे आणि त्यात लोखंडाची एक सळई नाही. हे आम्हीच त्यांना एकदा सांगितले होते. मुद्दा बिनतोड वाटत होता. ती मुलगी उठून म्हणाली, “काका, जे पडले ते आपल्याला दिसत नाहीत ना.” शिवाय चुन्याचा घाणा महिनोन्‌महिने मळणारे ते कारागीर आणि संध्याकाळच्या मिस्सेसाठी घाई करणारे आम्ही, यांत अंतर होते, हे ती बोलली नाही, आम्हीच मनात म्हणालो.

दुसरे कुणी विचारले, हातभर ठोकळा बत्तीस टन सोसतो तर खुर्च्या नि माणसे सोसणार नाहीत? प्रश्न रास्त होता. स्लॅब कदाचित पडलाही नसता. दहा वर्षे कुणाला काही दिसले नसते. परंतु असा सच्छिद्र माल हवा-पाणी आत घेतो, सळया गंजतात, गंजून फुगतात आणि छताचे पोपडे सुटतात. त्या वेळी आमची बदली झालेली असते आणि खाली कुणाच्या तरी लेकीचे लग्न चालू असते.

मार्ग तीन होते. चोवीस तास वाळूच्या गोण्या ठेवून भारचाचणी घ्यावी, खालून लोखंडी गर्डर द्यावेत, किंवा दोन खण तोडून पुन्हा भरावेत. ते सांगण्यापूर्वी आम्ही उभे राहिलो आणि पाणी आमच्या शब्दावरून पडले हे सांगितले. सातव्या दिवशी विचारले असताना आम्ही उन्हाकडे बोट दाखविले, हेही सांगितले. ठेकेदाराच्या सूचनेविषयी बोललो नाही. त्याचे त्याने सांगावे. सभा स्तब्ध होती. आम्ही रागाची अपेक्षा करीत होतो. राग सोसणे त्या मानाने सोपे असते.

त्या आजी उठल्या. “बाबा, म्या बघितलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी ताक द्यायला म्या तिथंच व्हते. मालाला खाली पानी सुटलं की घमेलं डोक्यावर हलकं लागतं न्‌ गळ्यात वघळ येतो. तीस वर्सं वाहिलंय, मला कळंना व्हय? पर तुम्ही व्हय म्हनलात. बाबा म्हनतेत म्हनल्यावर म्या काय बोलू?”

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आमच्या एका शब्दाने पाणी पडले एवढेच आम्ही कबूल करावयास निघालो होतो. त्याच शब्दाने आणखी एक तोंड बंद झाले, हे आमच्या हिशेबात नव्हते. ती मुलगीही त्या संध्याकाळी गप्पच राहिली होती.

दोन खण तोडावयाचे ठरले. मजुरी ठेकेदाराने सोसली. सभेनंतर तो आमच्याकडे येऊन बराच वेळ बसून गेला होता. सिमेंट आणि लोखंडाचा खर्च धर्मग्रामाच्या अंगावर आला. त्यातला काही भाग आम्ही आमच्या भत्त्यातून महिन्या-महिन्याने फेडला. तो पुरेसा नव्हता. बिशपस्वामींना पत्र लिहिले, त्यांनी उलट टपाली नवी तारीख कळवा म्हणून लिहिले. ब्रेकरचा खडखडाट चार दिवस चालला. संध्याकाळचा माल तुलनेने लवकर निघाला. सकाळच्या मालाच्या कडेशी पोहोचल्यावर मजुरांनाही फरक कळला.

सप्टेंबरात पाऊस उघडल्यावर तो भाग पुन्हा भरला. या वेळी पाण्याच्या पिंपावर 26 लिटरची खूण रंगवून घेतली होती. मिक्सरजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आणि आजींना तिच्यावर बसविले. त्यांनी आधी नको नको म्हटले, मग बसल्या त्या उठेनात. दुपारी माल घट्ट झालाच. मुकादम सवयीने आमच्याकडे आला. आम्ही खुर्चीकडे हात केला. आजींनी घाण्यात बोटे घालून पाहिले, माल दोन बोटांत चोळला आणि म्हणाल्या, “पानी नगं. पोरीला बोलीव.” पोरीने एका डब्यातून मोजून औषध घातले. पाणी न वाढविता माल सैल करणारे रसायन मिळते, त्यास साइटवर औषधच म्हणतात. ते मे महिन्यात वापरता आले असते, परंतु ते थोडे महाग म्हणून समितीने, म्हणजे पुन्हा आम्हीच, यादीतून काढले होते.

अठ्ठाविसाव्या दिवशीचे ठोकळे 27 ला फुटले.

उद्घाटन डिसेंबरात, नाताळाआधीच्या रविवारी झाले. लोक पहिल्या चार खणांत दाटीवाटीने बसले होते; मागचे दोन मोकळे होते, कुणी कुणाला सांगितले नव्हते. आजी आल्या, दाराशी चपला काढल्या, आणि एक खुर्ची ओढीत ओढीत पाचव्या खणात नेऊन तिच्यावर बसल्या. मग त्यांच्या नाती जाऊन बसल्या, मग महिला मंडळ. आम्ही बोलावयास उभे राहिलो. भाषण पाठ होते, तरी पहिले वाक्य येईना, कारण आमचे डोळे पुन्हा पुन्हा वर, जुना आणि नवा स्लॅब जेथे मिळतो त्या रेषेकडे जात होते. रंगाऱ्याने ती बुजविली होती. आम्हांस ती दिसत होती.